पाय पेडलवर नाही, तरी गाडी रेस घेतेय

गाडी न्यूट्रलमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, आणि आरपीएमचा काटा ११०० ते १९०० मध्ये वरखाली. सिग्नलला शेजारच्यांना वाटावं, याला शर्यत लावायचीय.

गाडी जुनी, पण इंजेक्शनची, म्हणजे इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. ज्याला विचारावं तो म्हणे, 'आयडलिंगचा (पाय न लावता इंजिन चालतं त्या वेगाचा) स्क्रू फिरव.' नाही फिरवला. स्क्रू इतकी वर्षं होता तिथेच आहे, तो आपोआप कसा बिघडेल?

पेट्रोल इंजिन उगाच पळायला लागलं की आधी विचारायचं: जादा हवा येतेय कुठून? काटा वरखाली का होतो, तेही त्यातच आहे. थ्रॉटल (पेडलने उघडणारी हवेची झडप) बंद आणि आरपीएम जास्त दिसले की कॉम्प्युटरला वाटतं, चालत्या गाडीत चालकाने पाय काढलाय. तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडले की परत सोडतो. हवा येतच असते, त्यामुळे इंजिन पुन्हा चढतं.

अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला ढील होती, म्हणजे ती थ्रॉटल ओढून धरत नव्हती. कुठून हवा गळत आत येतेय का म्हणून व्हॅक्यूमचे पाइप पक्कडीने हलके दाबून पाहिले, ब्रेक बूस्टरचा जाड पाइपसुद्धा. काही नाही. मग एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढला आणि थ्रॉटल बॉडीत आयडल व्हॉल्व्हला (थ्रॉटल बंद असताना कॉम्प्युटर ज्यातून हवा देतो) हवा देणाऱ्या भोकावर बोट ठेवलं. इंजिन झटकन खाली आलं! म्हणजे गळती नाहीच. हवा पुढच्या दारानेच येत होती. व्हॉल्व्ह काढून धुतला, भरपूर कार्बन निघाला, फरक मात्र पडला नाही.

मग दार उघडं ठेवतंय कोण? कॉम्प्युटरच, इंजिन थंड आहे असं समजून; थंड इंजिनाला तो जास्त हवा देतो. पण डॅशबोर्डवर तापमानाचा काटा बरोबर मध्यावर! बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असतो, हे इथे कामाला आलं. मल्टिमीटर लावला. गरम इंजिनावर साधारण ३०० ओहम हवेत, इथे आकडा हजाराच्या आसपास नाचत होता. ओहम जास्त म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन थंड. नवा सेन्सर आणायच्या आधी जुनाच काढून गरम पाण्यात बुडवला, तर रीडिंग एकदम ठीक.

म्हणजे सेन्सरपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) पोचतच नव्हतं. इंजिन पूर्ण गार झाल्यावर (गरम असताना कधीही नको, भाजतं) रेडिएटरचं झाकण उघडलं, पातळी बरीच खाली. हीटर फुल गरमवर ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहिलो. आयडलिंग ८०० वर.

कूलंट जात होतं हीटरच्या पाइपाच्या सैल क्लिपमधून. क्लिप नवी टाकली. पाइपही कडक झालाय, तो पुढच्या सर्व्हिसिंगला.