टँगोत आधी चालायला शिका

अर्जेंटाइन टँगो शिकायला आलेल्या जोडीला बऱ्याचदा पहिल्याच तासाला आठ पावलांचा साचा देतात, आणि गाडी तिथेच अडते. पावलं पाठ होतात, पण समोरचा कुठल्या पायावर उभा आहे ते कळत नाही. टँगोचं सगळं कसब त्या कळण्यात आहे.

म्हणून सुरुवात जागच्या जागी करा. समोरासमोर उभं राहून हात एकमेकांच्या दंडांवर ठेवा आणि एक अख्खं गाणं, साधारण तीन मिनिटं, भार फक्त एका पायावरून दुसऱ्यावर न्या. साथ देणाऱ्याने डोळे मिटावेत. पुढाकार घेणाऱ्याने अधूनमधून ठेका सोडून थांबावं. समोरचा अंदाजाने हलत असेल तर तिथेच पकडला जातो. भार दोन्ही पायांत वाटलेला राहिला की मोकळा पाय कुठला तेच ठरत नाही, आणि पुढचं सगळं बिघडतं.

फुगडीत दोघी मागे झुकतात, हातांच्या ओढीवर तोल धरतात. इथे नेमकं उलटं: छाती समोरच्याकडे, पण प्रत्येकाचा तोल आपापल्या पायावर. हातांनी ओढलंत की संपलं.

मग चालणं. पुढाकार घेणाऱ्याची छाती आधी निघते, पाय मागून येतो. उभ्या पायाचा गुडघा किंचित वाकवून जमीन मागे ढकला, मोकळा पाय घोट्याला घासत जाईल इतका जवळून न्या, आणि भार पूर्ण पोचल्याशिवाय पुढचं पाऊल उचलू नका. साथ देणाऱ्याने पाय गुडघ्यातून न उचलता कमरेपासून मागे लांबवावा. आधी चवडा टेकतो, मग टाच. पायावर पाय पडला की साथ देणाऱ्याला बोल लावतात. खरं तर बहुतेकदा पुढाकार घेणाऱ्याचा पाय छातीआधी निघालेला असतो, किंवा तो खाली बघत असतो. खाली बघितलं की डोकं झुकतं, छाती आत जाते आणि इशाराच पोचत नाही.

रोज दहा मिनिटं एवढंच करा. संगीत कार्लोस दी सार्लीच्या वाद्यवृंदाचं घ्या. ठेका संथ आणि स्वच्छ आहे. ओस्वाल्दो पुग्लिएसे या दुसऱ्या वाद्यवृंदप्रमुखाचं संगीत नंतर, कारण त्याची लय मध्येच ताणली जाते.

चालणं बसल्यावर आठ पावलांकडे या. त्यातलं पहिलं, पुढाकार घेणाऱ्याचं मागे जाणारं पाऊल मात्र सोडून द्या. मिलोंगात, म्हणजे नाचाच्या मैफलीत, सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात; मागे पाऊल टाकलंत तर मागच्या जोडीवर आदळाल. पाचव्या पावलाला साथ देणाऱ्याचा डावा पाय उजव्याच्या पुढून अढी घालतो. त्याआधी दोन पावलं पुढाकार घेणारा साथ देणाऱ्याच्या उजव्या बाजूने, बाहेरून चालत असतो. पाचव्याला तो छाती पुन्हा साथीदारासमोर आणतो, त्यातून अढी पडते. आकडा मोजून स्वतःहूनच पाय अडकवण्याची सवय लागली की ती मोडायला महिने जातात.

चुका मिलोंगात दुरुस्त करू नका. त्यासाठी 'प्राक्तिका', म्हणजे सरावाची बैठक, असते. तिथे गाणं चालू असताना थांबून बोलता येतं.

बुटांचे तळ चामड्याचे हवेत. रबर फरशीला चिकटतं, आणि वळताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो.