सिरोंचा ते आलापल्ली, पावसाळ्यात

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं सिरोंचा गाव फार आवडलं. प्राणहिता गोदावरीला मिळते तिथलं अफाट पात्र, इंग्रजांच्या काळातलं विश्रामगृह, वडधमचे जीवाश्म, सगळं निवांत पाहून झालं. पण लिहायला बसलोय ते परतीच्या रस्त्याबद्दल, कारण राग अजून उतरलेला नाही.

कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग 353सी. बामणी, जिमलगट्टा, रेपनपल्ली करत आलापल्ली साधारण 100 किलोमीटर. डांबर मध्येच संपतं, मग मुरूम, मग लाल पाण्याचं डबकं. पुढच्या ट्रकचं चाक किती बुडतंय ते पाहूनच त्याची खोली ओळखायची. साइडपट्ट्या वाहून गेलेल्या, त्यामुळे समोरून अवजड गाडी आली की बाजूला घ्यायला जागा नाही. दोन्हीकडे सागाचं दाट रान आणि मोबाईलला रेंज नाही. आमचा ड्रायव्हर आलापल्लीचाच. "इथं घाई नाही कराची भाऊ, गाडी मोडली का रात्र जंगलातच," एवढंच तो बोलला आणि पुढे गप्प राहिला.

जिमलगट्ट्याच्या पुढे एका नाल्यावर भरलेल्या ट्रकचा पाटा (चाकावरची स्प्रिंग) तुटला होता. ट्रक बरोबर मधोमध. मागे झाडाच्या फांद्या टाकून ठेवलेल्या, म्हणजे अपघात होऊ नये. त्याच्यामागे एसटी, मग जीपा, मग आम्ही. एसटीतली माणसं खाली उतरलेली, बाया कडेला चवड्यावर बसलेल्या. कोणीच चिडलेलं नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

त्यांच्यात अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता. पोटाशी प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. घरी तेलुगू, शाळेत शिकलेली मराठी अगदी स्वच्छ. दर थोड्या वेळानं येऊन विचारायचा, "दादा, किती वाजले?" जात पडताळणीसाठी गडचिरोलीला बोलावलं होतं, कॉलेजचा प्रवेश त्यावर अडलेला. पहाटेच निघाला होता.

तेवढ्यात एसटीतल्या पुरुषांनी नाल्यातले दगड वर आणायला सुरुवात केली. ट्रकच्या बाजूचा खड्डा त्यांनी हातांनी भरला, वर मुरूम लोटला. आम्हीही लागलो. भर घातली ती जेमतेम एका जीपच्या रुंदीची. म्हणजे आमच्यासारख्या छोट्या गाड्या निघणार होत्या आणि ज्यांनी दगड वाहिले त्यांची बस तिथंच राहणार होती. हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. कंडक्टरनं त्या पोराला दंडाला धरून आमच्या गाडीत बसवलं. "याला तेवढं पोचवा साहेब. बाकीचे थांबतील."

पुढे आलापल्लीहून आष्टीपर्यंत लोहखनिजाच्या ट्रकांची रांग. ओव्हरटेक करायचा धीर होईना. गडचिरोलीत पोचलो तेव्हा कार्यालय बंद झालेलं होतं. पोरानं बंद दार पाहिलं, फाइल पिशवीत घातली आणि विचारलं, "बसस्टँड कुठं आहे?" राहायला ओळखीचं कोणी नव्हतं. त्या रात्री तो आमच्यासोबत लॉजवर राहिला. सकाळी आम्हाला निघावं लागलं, तो कार्यालयाच्या पायरीवर बसला होता.

रस्ता जंगलातून जातो, रुंदीकरणाला 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली मंजुरी लागते, हे मला मान्य आहे. ते रान राहिलंच पाहिजे. पण खड्डा बुजवायला झाड तोडावं लागत नाही. आलापल्लीचा सागवान अयोध्येच्या राममंदिरासाठी गेला, त्याचं कौतुक महाराष्ट्रभर झालं. त्याच आलापल्लीतून दक्षिणेला निघणाऱ्या रस्त्याबद्दल पुण्या-मुंबईत कोणाला काही माहीत नाही.

पावसाळ्यात सिरोंच्याला जायचं असेल तर चंद्रपूरहून तेलंगणात उतरा, मंचेरियल-चेन्नूर करून प्राणहितेचा पूल ओलांडा. अंतर मोजत बसू नका, गाडी आणि पाठ दोन्ही वाचतील. सिरोंच्याचे लोकही दवाखान्यासाठी नदीपलीकडेच जातात. पण जात पडताळणी मंचेरियलला होत नाही. त्यासाठी त्यांना गडचिरोलीच गाठावी लागते, 200 किलोमीटर, ह्याच रस्त्यानं.