बडोद्याहून व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम: विद्यार्थ्यांना घेऊन निघताना

कलेच्या विद्यार्थ्यांची सहल आम्ही व्हेनिसपासून सुरू करतो, कारण लक्ष्मीविलास पॅलेसच्या दरबार हॉलची व्हेनेशियन मोझेइकची फरशी बडोदेकरांच्या ओळखीची. निघण्याआधी ती पुन्हा एकदा नीट बघून घ्यावी. व्हेनिसच्या सान मार्को चर्चच्या छतावरच्या सोनेरी तुकड्यांत वर्ख दोन काचांच्या मधे दाबलेला असतो आणि तुकडे मुद्दाम किंचित तिरपे बसवलेले असतात, म्हणून आपण चालू लागलो की चमकही सरकते. पायाखालची फरशी मात्र लाटांसारखी उंचसखल, जमीन खचल्यामुळे. पाठीवरची मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत.

व्हिसाचं थोडक्यात: ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. विमा किमान 30,000 युरोचा. पासपोर्ट परतीनंतर निदान 3 महिने चालणारा आणि त्यात दोन कोरी पानं. अडतं ते नावात. पासपोर्टावर वडिलांचं नाव असेल तर ते तिकिटावर आणि विम्यावरही तसंच हवं.

खरी कसरत बसची. युरोपात ड्रायव्हरने साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायचंच, आणि दिवसाअखेर साधारण 11 तास विश्रांती. बसमधलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र सगळं नोंदवतं, त्यामुळे 'भाऊ, जरा अर्धा तास' हे तिथे चालत नाही. सकाळी 8 ला बस हलली तर रात्री 9 ला ती उभी करायची, मग मुलं अजून जेवत का असेनात. म्हणून मुक्कामाच्या रात्री जेवण हॉटेलपासून चालत जाता येईल असंच ठरवावं. व्हेनिसमध्ये बस त्रोन्केत्तोच्या वाहनतळापुढे जात नाही. तिथून बोट, आणि मग पायऱ्यांचे पूल. चाकांची मोठी बॅग अशी पायऱ्यांवर उचलून बघा, म्हणजे सामान आपोआप कमी होतं.

बंद वार आधी, हॉटेलचं बुकिंग मग. फ्लॉरेन्सचं उफिझी चित्रसंग्रहालय सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी फुकट असल्यामुळे रांग अशी की गट घेऊन जाऊच नये. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटाला 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ आधी राखून ठेवावी लागते. गुडघे दुखणाऱ्या शिक्षकांनी खाली स्केचिंगचा वर्ग घ्यावा, कमीपणा नाही.

खाऊत लीला (बडोद्याचा ओलसर) चिवडा आणि खाकरे खुशाल न्या. पेढे, श्रीखंड, तूप मात्र नको, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशांना नेता येत नाहीत. नारळ आणि केळी चालतात, लिंबू चालत नाही! कढीपत्ताही नाही.

रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्त्यांवर ओतीव लोखंडाचे 'नाझोनी' नळ सतत वाहत असतात आणि पाणी पिण्याचंच असतं. तोटीच्या तोंडाला बोट दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, थेट तोंडात.