सैंधवाशेजारचा गुलाबी डबा

एकादशीच्या सकाळी आई भगरीत मीठ घालायला निघाली होती आणि तिच्या हातात माझा डबा होता. मी असा ओरडलो की शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून विचारलं, "काय झालं ओ?"

डब्यात क्युअरिंग सॉल्ट नंबर एक होतं, म्हणजे मांस खारवून टिकवायचं खास मीठ. त्यात सव्वासहा टक्के सोडियम नायट्राइट असतं, बाकी सगळं साधं मीठ. चुकून कुणी साधं मीठ समजून वापरू नये म्हणून ते मुद्दाम गुलाबी रंगवतात. ही युक्ती ज्यांच्या घरात मीठ पांढरंच असतं त्यांच्यासाठी ठीक आहे. आमच्याकडे उपासाचं सैंधव गुलाबीच. एक चमचा भगरीत गेला असता तर दुपारी दवाखाना गाठावा लागला असता. नायट्राइट जास्त पोटात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, ओठ निळे पडतात. आणि डबा मांडणीवर ठेवणारा मूर्ख मीच.

हे सगळं एका बेकनपायी, म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या खारवून धुरावलेल्या मांसापायी. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली, तिथे सकाळी अंड्याबरोबर बेकनची सवय लागली. सोलापुरात परत आलो तर इथे मिळेना. मिळालं तर फ्रोझन, पातळ, तव्यावर टाकलं की निम्मं पाणीच. म्हटलं, घरी करू. आईनं दोन अटी घातल्या: मांस स्वयंपाकघरात आणायचं नाही, आणि तिच्या भांड्यांना हात लावायचा नाही. मग गच्चीवरच्या खोलीत जुना फ्रीज चढवला.

पहिला प्रयत्न लिहिण्यासारखा नाही, पण लिहितो. मांस विकणारा सवयीनं तुकडे करायला निघाला. मी म्हटलं, पोटाकडचा अख्खा तुकडा द्या, कातडीसकट. तो म्हणाला, "अख्खा घेऊन काय करणार ओ? शिजायचा न्हाई." घरी येऊन खारवलेल्या मासळीसारखं मूठमूठ खडेमीठ चोळलं, चार दिवस ठेवलं, तळून बघितलं. रंग राखाडी, चव समुद्राची. अर्धं कुत्र्यानंही सोडलं.

मग जरा अभ्यास केला. बेकनचा गुलाबी रंग आणि ती ओळखीची चव नायट्राइटमुळे येते, ते मांसातल्या लाल द्रव्याला धरून ठेवतं. पण रंग ही दुय्यम गोष्ट. धुरात मांस तासन्‌तास कोमट राहतं, हवा खेळत नाही, आणि बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू अशाच ठिकाणी वाढतात. नायट्राइट त्यांना रोखतं. सैंधवात ते नसतं, त्याचा गुलाबी रंग लोखंडाच्या अंशाचा. म्हणजे सैंधवाच्या जागी हे घातलं तर विषबाधा, आणि ह्याच्या जागी सैंधव घातलं तर मांसाला संरक्षण शून्य. दोन्हीकडून घोळ.

दुसऱ्यांदा सगळं वजनावर केलं. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घेतला, सोनार वापरतात तसला. मांस 1,400 ग्रॅम. क्युअरिंग सॉल्ट पाव टक्का, म्हणजे साडेतीन ग्रॅम. एकूण मीठ अडीच टक्के धरलं, म्हणजे 35 ग्रॅम, त्यात ते साडेतीनही आले. गूळ किसून 14 ग्रॅम, भरड मिरी. असं मोजून घातलं की दोन दिवस जास्त राहिलं तरी खारट होत नाही, कारण पिशवीत मीठच तेवढं असतं. चमच्यानं मोजणाऱ्यांनी हे करूच नये, हे माझं स्पष्ट मत. मीठ चोळण्याआधी तुकडा उजेडात धरून पाहिला, पांढऱ्या दाण्यांसारख्या गाठी नाहीत ना. डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी असू शकतात, त्या दिसल्या तर सरळ परत करायचं.

झिपच्या पिशवीत घालून आठ दिवस चार अंशाखाली ठेवलं, रोज एकदा पालटलं. चौथ्या संध्याकाळी लाईट गेली. तीन तास मी फ्रीजचं दार उघडलं नाही आणि कुणाला उघडूही दिलं नाही. लाईट आल्यावर आतला थर्मामीटर पाच दाखवत होता. जानेवारी होता म्हणून निभावलं. मेच्या उन्हात हा उद्योग मी करणार नाही.

नवव्या दिवशी तुकडा धुतला, पुसला आणि रात्रभर फ्रीजमध्ये जाळीवर उघडाच ठेवला. वर चिकटसर कोरडी पापुद्री येते, धूर तिलाच धरतो. ओल्या मांसावर धूर काळपट, कडू बसतो. इथल्या थंडीतल्या कोरड्या हवेचा एवढा तरी फायदा की सकाळी आणखी तासभर गच्चीवर पंख्याखाली ठेवल्यावर बोट लावलं तर चिकटत होतं, ओलं लागत नव्हतं.

लाकडाचा प्रश्न राहिला होता. मामा सांगोल्याला डाळिंब लावतात. फोन केला तर म्हणाले, "छाटणीचा ढीग पडलाय, ने की हवा तेवढा." मी खूश. मग सहज विचारलं, फवारणी? "बोर्डो मारलाय की, तेल्या येऊ नये म्हणून. आणि इतर औषधं असतात ती वेगळीच." मोरचूद-चुन्याचा धूर खाण्याला लावायचा नव्हता, म्हणून डाळिंबाची ओढ सोडली. त्यांच्याच घरामागे बिनफवारणीचा पेरू होता, पावसाळ्यात मोडलेली फांदी सुकून कडकडीत झाली होती. ती आणली. लिंबाच्या लाकडाचं बऱ्याच जणांनी सुचवलं, म्हणजे कडुलिंबाच्या. त्याचा धूर डास पळवायला ठीक.

पत्र्याच्या जुन्या पिंपाला खाली भोक, आत दोन सळया, त्यावर जाळी. तळाला कोळसा, त्यावर पेरूचे मुठीएवढे तुकडे. पहिली वीस मिनिटं पांढरा दाट धूर आला, तो जाऊ दिला. धूर विरळ, निळसर झाल्यावर मांस आत ठेवलं. पिंपातली उष्णता शंभर अंशांच्या आसपास ठेवायची होती. भोकावर वीट सरकवत ठेवली, कधी नव्वद, एकदा एकशेतीस. सगळा वेळ त्या विटेपाशीच गेला.

काकू परत खिडकीत. "हुरडा लावलाय का?" जानेवारीत गच्चीवरून धूर आला की सोलापुरात दुसरं काय वाटणार! मी म्हटलं, "नाही काकू, दुसरंच आहे." "मग आगटीत घाला की गोवऱ्या, धूर गोड येतो." मी मान हलवली आणि पेरूचा आणखी एक तुकडा टाकला.

तीन तास दहा मिनिटांनी मांसाच्या मध्यात सुई खुपसली तर 65 अंश. काढलं. कातडी गरम असतानाच सोलून घेतली, थंड झाल्यावर ती चिकटून बसते. लगेच कापायचा मोह होतो, पण ऊन मांस सुरीखाली चुरगळतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी कापलं तर चार मिलिमीटरचे काप सरळ पडले. तव्यावर तेल न घालता मंद आचेवर टाकले. चरबी सुटली, कडा सोनेरी झाल्या, आणि त्याच चरबीत अंडं. पाव नव्हता, आदल्या दिवशीची कडक भाकरी होती. शेंगाची चटणी लावून पाहिली, पण ती बेकनची चव झाकते. नुसतं मिरीवर बरं लागलं.

दादानं दोन काप खाल्ले आणि विचारलं, "मटणाचं असं होत नाही का?" कातडीचा तुकडा त्यानं राजम्यात टाकून घेतला. राहिलेलं दीडशे-दीडशे ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवलं.

तो डबा आता लाल कागद चिकटवून लोखंडी कपाटात असतो, घराच्या कागदपत्रांबरोबर, आणि किल्ली माझ्याकडे. सैंधवाचा डबा आईनं बदलला. नवा पितळेचा आहे, आणि त्यात मीठ घालण्याआधी ती ते माझ्यासमोर जिभेवर घेऊन बघते.