बशीभर एकच जात

२०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन इंधनतेल समुद्रात गेलं. टीव्हीवर वाहून चाललेले कंटेनर आणि काळी पडलेली तिवरं दिसत होती. चिखलातले जीव कुणाला दिसणार? मी तेव्हा संशोधन करत होते आणि माझं काम नेमकं तेच होतं.

थंडीत एका ओहोटीला आम्ही उरणच्या बाजूच्या खाजणात उतरलो. पाऊल काढलं की खड्ड्यात पाणी साचायचं, वर इंद्रधनुषी तवंग. काडीने ढवळून पाहिलं. जिवाणूंची साय असती तर तिचे तुकडे पडले असते. हा तवंग परत जुळून आला. शेजारी खुबे वेचणारी मावशी म्हणाली, “बाय, कितीबी धुवा, घासलेटाचा वास जात नाय.”

चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतला. वर उरलं ते फॉर्मेलिनमध्ये घातलं, रोझ बेंगॉलचा रंग टाकला. या रंगाने प्राणी गुलाबी होतात आणि कचऱ्यातून वेचता येतात.

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पहिली बशी ठेवली आणि मी हरखलेच. नुसती गुलाबी! मोजता मोजता दोनशेच्या वर गेले. मॅडमना हाक मारली, “सगळं जिवंत आहे हो इथे!” त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि एवढंच विचारलं, “जाती किती?”

एक. दोऱ्यासारखा बारीक कॅपिटेला कृमी. बाकीचे मेले की मोकळ्या जागेत हाच फोफावतो. १९६९ मध्ये अमेरिकेत वेस्ट फालमथला तेल सांडल्यावर हेच झालं होतं.

“आणि अँफिपॉड?”

तीनदा शोधले. एकही नाही. तांदळाच्या दाण्याएवढा, कोळंबीचा लांबचा भाऊबंद. तेलाला फार हळवा. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वागवते, पिल्लं आईजवळच चिखलात उतरतात. प्रवाहाबरोबर दूर जाणारी अळी नसते. म्हणून एकदा जागा उजाड झाली की बाहेरून येऊन वसणारं लवकर कुणी नसतं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर १९७८ मध्ये ‘अमोको कादिझ’ हे तेलवाहू जहाज फुटलं, तेव्हा मोर्लेच्या उपसागरातल्या अँफिपॉडना सावरायला दहा वर्षांहून जास्त लागली.

अहवालात मी ‘तेलामुळे’ असं लिहिलं. मॅडमनी तो शब्द खोडला. मुंबईच्या खाड्यांत सांडपाणीही येतं, आणि कॅपिटेला त्यावरही पोसतो. टकरीआधी इथे अँफिपॉड होते का? त्या जागेचा आधीचा एकही नमुना कुणाकडे नव्हता. मला रडू आलं. समोर बशीत सगळं दिसत होतं आणि ठामपणे म्हणता काहीच येत नव्हतं.

त्यानंतर दर थंडीत, तेल सांडो न सांडो, मी त्याच खाजणात उतरते. कपाटातली खालची फळी तेव्हा रिकामी होती. आता तिथे बाटल्या आहेत. प्रत्येकीवर तारीख आणि ओहोटीची वेळ पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई फॉर्मेलिनमध्ये फिकट होते.