तबला नसलेल्या गाण्यात ठेका कुठं शोधायचा

टँगो, म्हणजे अर्जेंटिनाकडचा जोडीनं करायचा नाच, शिकताना आपल्याकडच्या माणसाला पहिली अडचण पायाची येत नाही, कानाची येते. आपला कान तबल्यावर, ढोलकीवर वाढलेला, आणि जुन्या टँगो ऑर्केस्ट्रात तालवाद्यच नसतं बघा, बँडोनियन (हातात धरून वाजवायची भात्याची, बटणांची पेटी), व्हायोलिन, पियानो आणि डबल बास, बस्स. ठेका असतोय तो बासमध्ये आणि पियानोच्या डाव्या हातात. माझं तर ठाम मत आहे की नवीन स्टेप घ्यायच्या आधी नुसता बास ऐकत चालायला शिकावं.

सुरुवात हुआन दारिएंझो या जुन्या ऑर्केस्ट्राप्रमुखापासून करा. १९३५ ला रोदोल्फो बियाजी त्याच्याकडं पियानोवर आला आणि तेव्हापासूनचा ठोका इतका स्पष्ट आहे की पाय आपोआप पडतोय. तो पायात बसला की दुसरा ऑर्केस्ट्रावाला कार्लोस दि सार्ली, त्याचं १९५७ चं 'बाहिया ब्लांका' लावा आणि तेवढंच हळू, मोठ्या पावलानं चाला. इथंच टेक्निक उघडं पडतंय, कारण पाऊल टाकणं म्हणजे सगळं वजन त्या पायावर नेणं, अर्धं मागं ठेवून चालत नाही, आणि मोकळा पाय कमरेपासून सैल सुटलेला पाहिजे. मी आणि बायको बेळगावात टिळकवाडीतल्या घरी हॉलमधलं टेबल बाजूला सरकवून हेच करतो, पावसाळ्यात तर बाहेर जायचा प्रश्नच नसतो, गुळगुळीत फरशीवर सुती मोजे घातले की पिव्हटपण (एका पायावर वळणं) बरे होतात. ओचोमध्ये, म्हणजे आठच्या आकड्यासारख्या वळणाच्या पावलांत, आधी छाती वळते, कंबर तिच्या मागून येते, टाच जमिनीला जेमतेम टेकलेली. बायको म्हणते, "अहो, तुम्ही छाती वळवलीत की मला कळतंय, हातानं ढकलू नका," आणि ते शंभर टक्के खरं आहे.

बँडोनियनबद्दल बेळगावकरांना वेगळं सांगायला नको खरं तर. पं. रामभाऊ विजापुरे यांच्या गावात पेटी कुणी ऐकली नाही? दोन्हीत आवाज काढतात त्या धातूच्या पट्ट्याच. फरक भात्याचा, बँडोनियनचा भाता उघडताना एक सूर आणि मिटताना तेच बटण दाबलं तरी बहुतेक वेळा दुसरा सूर. तो भाता फुलताना ऐकू यायला लागला की कुठं पाऊल लांबवायचं आणि कुठं नुसतं थांबायचं हे कळायला लागतं. थांबणं तर मला सगळ्यात जास्त आवडतं! गाण्याची ओळ संपतेय तिथं दोघांनी एका पायावर श्वास घेऊन उभं राहायचं, पुढची ओळ सुरू झाली की निघायचं. ऑर्केस्ट्रावाल्या पुग्लिएसेच्या गाण्यांत हे नाही जमलं तर नाच नुसता पळापळीचा होतोय.

सध्या आमचं वाल्सवर, म्हणजे तीन मात्रांच्या टँगोवर, चाललंय. तीन मात्रांतल्या पहिलीवर पाऊल, दादरा ऐकलेल्या माणसाला हे लवकर जमतं, पण मधल्या मात्रेवर पटकन जादाचं पाऊल घालायला गेलं की वजन निम्म्यात अडकतंय, म्हणून अजून सरळ रेषेतच चालतोय. खानापूर, निपाणी, धारवाडकडं कुणी टँगोचा सराव करत असेल तर जरूर कळवा, एकत्र करूया की.