पोरीच्या सॉकर मॅचला लायसन्सवाली गन चालते का? टेक्सासमध्ये लेखी उत्तर मिळवण्याचा माझा अनुभव

प्रश्न अगदी साधा होता. शनिवारी सकाळी सिटीच्या मैदानावर पोरीची रेक लीगची (शाळेची नाही, हौशी मुलांची) सॉकर मॅच असते, माझ्याकडे टेक्सासचं लायसन्स टू कॅरी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगायचं लायसन्स आहे, तर शर्टाखाली पिस्तूल असताना मी त्या मैदानावर उभा राहू शकतो की नाही. या एका हो-नाहीसाठी सिटीच्या एका ऑफिसने मला इतकं फिरवलं की अजून त्या बिल्डिंगसमोरून गाडी गेली तरी डोकं तापतं. डॅलसच्या आजूबाजूला आपले खूप लोक आहेत, सगळ्यांची पोरं काही ना काही खेळतात, आणि लायसन्स काढणारेही आता बरेच झालेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

गन कशाला लागते मॅचला, असं विचारणारे असतीलच. आमचं गॅस स्टेशन आहे, पहाटे उघडायचं, आदल्या दिवसाची कॅश बँकेत टाकायची आणि तिथून थेट मैदान गाठायचं. घरी जाऊन ठेवून यायला वेळ नसतो आणि गाडीत तशीच टाकून जायला मला पटत नाही, कारण पार्किंगमधल्या गाड्या फोडून गन चोरीला जातात आणि मग ती कोणाच्या हातात पडते ते आपल्याला कळतसुद्धा नाही.

लायसन्स काढणं काही अवघड नाही. डीपीएसच्या (राज्याचं पब्लिक सेफ्टी खातं) साइटवर अर्ज, ४० डॉलर फी (२०१७ आधी १४० होती), बोटांचे ठसे, क्लास, लेखी परीक्षा आणि ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्यांची टेस्ट, २५० पैकी १७५ मार्क लागतात. झालं. पण एच-१बी वर असाल तर थांबा, फेडरल कायद्याने नॉनइमिग्रंट व्हिसावाल्यांना गन बाळगायलाच मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत पण त्यांच्या जोरावर हे करायला जाऊ नका. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. माझं ग्रीन कार्डच आहे, आणि म्हणूनच मला तोंडी उत्तर नको होतं, कारण गनच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. इथे जन्मलेल्या माणसाला जो दंड भरून सुटता येईल तो आपल्याला घरदार उठवायला लावू शकतो.

आता मैदानाचं. गेटवर एक छोटी पाटी होती, पिस्तुलाचं चित्र आणि त्यावर लाल काट. टेक्सासमध्ये लायसन्सवाल्याला अडवायचं तर ३०.०६ ची (पीनल कोडच्या त्या कलमाची) पाटी लागते, तिचा मजकूर कायद्यात ठरलेला आहे, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं किमान एक इंच उंच, सहज दिसेल अशी. नुसतं चित्र त्यात बसत नाही. वर मैदान सिटीचं, म्हणजे सरकारी. टेक्सासच्या गव्हर्नमेंट कोडचं ४११.२०९ कलम सांगतं की कायद्याने मुळात बंदी नसलेल्या सरकारी जागेत सिटीने लायसन्सवाल्याला बंदी आहे असं सांगायचं नाही, तसं सुचवायचंही नाही. आणि बंदीच्या यादीत, म्हणजे पीनल कोड ४६.०३ मध्ये, हायस्कूल, कॉलेज आणि प्रोफेशनल मॅचेस आहेत, शाळाशाळांमधल्या स्पर्धा आहेत, पण दहा वर्षांच्या पोरींची रेक लीग नाही. मी हे सगळं वाचून गेलो होतो. मला फक्त सिटीकडून दुजोरा हवा होता.

सिटीच्या पार्क्स खात्याच्या काउंटरवर सांगितलं लीगला विचारा. लीगचे लोक व्हॉलंटियर, बिचारे म्हणाले पाटी सिटीची असेल. परत काउंटर. आता म्हणे पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर विचारा. पोलिसवाले सभ्यपणे बोलले पण म्हणाले आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही. परत काउंटर, तर वेगळीच बाई, तिला सगळं पहिल्यापासून सांगायचं, मागे स्विमिंग लेसनच्या रजिस्ट्रेशनची लाइन, आणि गन हा शब्द उच्चारला की लाइनमधले लोक माझ्याकडे असे बघायचे की मी खालच्या आवाजात बोलायला लागलो. मी कायद्याने वागायला म्हणून विचारतोय आणि संशय माझ्यावरच, याचा मला फार राग आला. तिथल्या एकाने तर सांगितलं, "सर, टेक्सासमध्ये सगळीकडे चालतं." दुसरीने सांगितलं, "मुलं असतील तिथे कुठेच चालत नाही." एकाच काउंटरवर, एकमेकांच्या शेजारी बसून, आणि दोन्ही उत्तरं चूक. पहिल्यावर विश्वास ठेवून कोणी शाळेच्या आवारात शाळेच्या मॅचला गेला असता तर थेट थर्ड डिग्री फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, २ ते १० वर्षं तुरुंग.

सुपरवायझर भेटले तर त्यांनी स्टेट फेअरचं, म्हणजे डॅलसच्या मोठ्या वार्षिक जत्रेचं उदाहरण पुढे केलं. २०२३ च्या जत्रेत गोळीबार झाला, मग २०२४ ला फेअरवाल्यांनी लायसन्सवाल्यांनाही बंदी घातली, फेअर पार्क ही डॅलस सिटीची जागा, म्हणून राज्याचे अॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन कोर्टात गेले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये टेक्सास सुप्रीम कोर्टानेही ती बंदी थांबवायला नकार दिला. हे खरं आहे. पण तिथे खाजगी संस्थेने सिटीशी करार करून जागा घेतलेली, नियम त्या संस्थेने केलेला. आमच्या लीगने शनिवारचे काही तास बुक केलेत, शेजारच्या फील्डवर कोणीही येऊन फ्रिस्बी खेळतो. मी विचारलं की पाटी नक्की लावली कोणी, सिटीने की लीगने, ते तरी सांगा. त्याचंही उत्तर नाही. "वी विल गेट बॅक टू यू." आले नाहीत.

शेवटी मी काउंटर सोडला आणि कागद धरला. सिटी सेक्रेटरी आणि सिटी अॅटर्नी दोघांना एकाच ईमेलमध्ये लिहिलं: मैदानाचं नाव, पत्ता, पाटीचा फोटो, तारीख, कलम ४११.२०९, आणि ही त्या कलमाखालची लेखी तक्रार आहे असं स्पष्ट वाक्य. हे वाक्य विसरू नका, त्याच्याशिवाय तो नुसता प्रश्न राहतो. तक्रार मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत सिटीने दुरुस्ती केली नाही तर अॅटर्नी जनरलकडे जाता येतं, आणि दंड पहिल्या वेळी दिवसाला १,००० ते १,५०० डॉलर, पुन्हा झालं तर १०,००० च्या वर. आठवड्यानुआठवडे जे काउंटरवर हललं नव्हतं ते त्या ईमेलने मुदतीच्या आत हललं. उत्तर आलं की पाटी जुनी आहे, काढतोय, आणि त्या मैदानावर लायसन्सवाल्याला सिटीची मनाई नाही. ते वाचून मला खरंच खूप हलकं वाटलं. प्रिंट काढून ठेवलंय.

आता बाकीच्या जागा, कारण लोक मला लगेच विचारतात मग बास्केटबॉलला काय. दोन गोष्टी बघा, जागा कोणाची आणि खेळ भरवतंय कोण. मिडल स्कूलची स्वतःची टीम खेळत असेल तर मैदान उघडं असलं तरी बंदी, शाळेचा कार्यक्रम जिथे चालू आहे ते सगळं आवार त्यात येतं, शाळेची लेखी परवानगी असेल तरच सूट. त्या दिवशी माझी गन घरच्या सेफमध्ये असते. शनिवारी खाजगी क्लबने शाळेचं ग्राउंड भाड्याने घेतलं असेल तर तो शाळेचा कार्यक्रम नाही, पण शाळेच्या बिल्डिंगमध्ये, म्हणजे जिममध्ये किंवा बाथरूमसाठी सुद्धा, पाऊल टाकायचं नाही, आणि पोरीला बाथरूमला घेऊन जायची वेळ येतेच, त्यामुळे मी तिथेही नेत नाही. खाजगी इनडोअर सेंटर असेल तर दारावर ३०.०६ शोधा, असेल तर परत फिरा. पाटी ओलांडली तर २०० डॉलरपर्यंत दंड, पण कोणी तोंडावर सांगूनही बाहेर नाही पडलात तर क्लास ए, म्हणजे तुरुंगापर्यंत जाऊ शकणारा गुन्हा, तेव्हा वाद घालत उभं राहायचं नाही. चर्चच्या जिममधली लीग असेल तरी तेच, पाटी किंवा सूचना असेल तर नाही.

एक राहिलंच. २०२१ च्या १ सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये परमिटशिवाय कॅरी चालतं, मग लायसन्स कशाला, असं बरेच जण म्हणतात. फेडरल कायद्याने शाळेपासून १,००० फुटांच्या आत गन नेता येत नाही, त्यातून सूट त्या राज्याचं लायसन्स असणाऱ्याला आहे. पोरांची अर्धी मैदानं शाळेला लागून असतात. आणि वरचं ४११.२०९ सुद्धा फक्त लायसन्सवाल्याचंच संरक्षण करतं. ४० डॉलर वाचवू नका.

कायदा चालू देतो म्हणून लीगने चालवून घ्यावं असंही नाही. आमच्या लीगचा असिस्टंट कोचसाठी स्वतःचा नियम आहे, गन नको. तो मोडला तर गुन्हा नाही पण ते तुम्हाला कोचच्या यादीतून काढू शकतात, आणि मला तो नियम योग्यच वाटतो, पोरांच्या मागे धावताना, खाली वाकून बुटाची लेस बांधताना कमरेला पिस्तूल नको. ज्या शनिवारी कोचिंग असतं त्या दिवशी कॅशचं काम भावाकडे.

न्यू जर्सीत माझा मावसभाऊ राहतो, त्याने हे ऐकून तिकडेही असंच असेल धरलं होतं. अजिबात नाही. तिकडच्या २०२२ च्या कायद्यात यूथ स्पोर्ट्स इव्हेंट हे बंदीच्या यादीत नाव घेऊन टाकलंय, मॅचच्या लगेच आधी आणि नंतरचा वेळ धरून, त्यावर कोर्टात केसेस चालल्या आहेत. इलिनॉयमध्ये पार्क डिस्ट्रिक्टची मैदानं बंद. आमच्या पोरीची टीम पुढे ओक्लाहोमाला टूर्नामेंटला जाणार आहे, टेक्सासचं लायसन्स तिकडे मानतात, पण त्या मैदानाचा मालक कोण हे विचारणारा ईमेल मी तिथल्या सिटी अॅटर्नीला आत्ताच टाकलाय, काउंटरला फोन न करता.